ऊस तोडणाऱ्याचा मालक कोण?

दरवर्षी दसरा जवळ आला की हा वाद पुन्हा पेटतो. सांगली-कोल्हापूरकडचे ऊस वाहतूकदार म्हणतात, मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराने, टोळीच्या नावाने लाखो रुपये नेले आणि टोळी आलीच नाही. उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, बुडवणाऱ्याला थेट तुरुंगात टाकणारा कायदा करा. बीड, पाथर्डी, जालना, परभणीकडून उत्तर येते की हंगामभर राबूनही अंगावर बाकी दाखवतात, हिशोब मागितला की मारहाण होते, माणसे डांबून ठेवतात. एक बाजू फसवणूक म्हणते, दुसरी पिळवणूक म्हणते आणि मग कुणीतरी हार्वेस्टरचे नाव काढतो: यंत्र येऊ द्या, दोन्ही कटकटी मिटतील. माझ्या मते हा सगळा वाद चुकीच्या दारात उभा राहून चालला आहे. भांडतात वाहतूकदार, मुकादम आणि मजूर. ज्याच्यासाठी ऊस तुटतो, ज्याच्या वेळापत्रकाने तुटतो आणि ज्याच्या पैशाने ही उचल फिरते, तो साखर कारखाना या भांडणात पक्षकारच नसतो. आठ-दहा लाख माणसांच्या हातांवर उभ्या असलेल्या उद्योगाने त्या माणसांचे मालकपण आजवर स्वीकारलेले नाही, हे मूळ दुखणे आहे. कारखान्याला कायद्याने ऊसतोड कामगाराचा मालक ठरवल्याशिवाय उचलीचा प्रश्न सुटणार नाही, मग कितीही गुन्हे नोंदवा आणि कितीही यंत्रे आणा.

आधी व्यवहार नीट पाहू. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो. त्याला कारखान्याकडून किंवा कारखान्याच्या हमीवर बँकेकडून रक्कम मिळते. तो ती मुकादमाला देतो आणि मुकादम गावोगाव फिरून कोयते ठरवतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नोटरीच्या कागदावर अंगठा किंवा सही होते आणि एका जोडीच्या नावावर लाखाच्या घरात उचल चढते. आता दर पाहा. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ, म्हणजे कारखान्यांची संघटना, आणि कामगार संघटनांमध्ये तीन वर्षांसाठी करार झाला. त्यात 34 टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला 366 रुपयांच्या घरात गेला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, तर दोघांचे मिळून सातशे बत्तीस रुपये होतात. दोन टन ही चांगल्या उभ्या उसातली, अंगात ताकद असणाऱ्या जोडीची गोष्ट आहे. ऊस लोळलेला असेल, रान ओले असेल तर तेवढे होत नाही. लाखाची उचल फेडायला या हिशोबाने सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे एकही खाडा न करता 137 दिवस. 2024-25 चा हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला आणि मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडलासुद्धा, म्हणजे गाळप संपले. ते फार तर 120 दिवस. त्यात घरखर्चासाठी दिलेली आठवड्याची खर्ची वेगळी खात्यावर चढते. मग बाकी राहते ती मजुराच्या मनातल्या खोटीमुळे की साध्या गुणाकार-भागाकारामुळे?

वाहतूकदारांचे म्हणणे मात्र उडवून लावण्यासारखे नाही आणि मजुरांच्या बाजूने बोलणारे ते फार सहज उडवून लावतात. ट्रॅक्टरवाला म्हणजे धनदांडगाच असतो असे नाही. दोन-तीन एकरांचा शेतकरी, ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा, उचलीसाठी घेतलेले कर्ज वेगळे, आणि टोळी आली नाही तर हंगामभर ट्रॅक्टर दारात उभा. काही मुकादम एकाच टोळीच्या नावावर दोघा-तिघांकडून उचल घेतात. अशा प्रकरणांत कुटुंबे देशोधडीला लागली आहेत. ऊस उत्पादकाचीही तक्रार आहे: तोड मिळावी म्हणून टोळीला ‘खुशाली’, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते आणि ती नाकारली की शेवटच्या फडाला ऊस वाळत उभा राहतो. हे सगळे खरे आहे.

पण एकाच टोळीवर तिघांकडून पैसे घेणाऱ्या मुकादमासाठी फसवणुकीचा फौजदारी कायदा आजही आहे. नव्या कायद्याची मागणी त्याच्याही पुढे जाते. तिच्या जाळ्यात अखेर सापडतो तो उचल घेऊन आजारी पडलेला किंवा अर्ध्या हंगामात पळून आलेला मजूर. असा कायदा या देशात होऊन गेला आहे. 1859 साली इंग्रजांनी ‘वर्कमन्स ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट’ आणला. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, त्याने कामावर जायला नकार दिला की तुरुंगात पाठवायचे. कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी केलेला हा कायदा पुढे आसामच्या चहामळ्यांत मजूर जखडून ठेवायला वापरला गेला. अखेर 1925 साली इंग्रज सरकारनेच तो रद्द करायचा निर्णय घेतला, कारण कराराचा भंग हा दिवाणी विषय आहे आणि त्यासाठी गरिबाला कैदेत टाकणे हे गुलामीचे दुसरे रूप आहे, ही टीका टाळता येईना. परकीय सरकारला जे शंभर वर्षांपूर्वी सोडावे लागले, ते आपण आपल्याच लोकांवर पुन्हा लादायचे? स्वतंत्र भारताने तर 1976 साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा केला. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे किंवा कुठे जाण्याचे स्वातंत्र्य गेले, तर ती वेठबिगारी आणि तसले कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, असे तो कायदा सांगतो. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही सक्तीची मजुरी ठरवली. फडावर पहाटे चारला कोयता हातात घेऊन रात्री गाडी भरून निघेपर्यंतचे तास मोजले, तर दोघांच्या त्या सातशे बत्तीस रुपयांचे तासाला किती होतात? उचल बुडवणाऱ्याला तुरुंग मागणाऱ्यांनी हा हिशोब एकदा न्यायालयात मांडून पाहावा. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे राहील, याची त्यांनाच काळजी वाटेल.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, कारण तो मजुरांच्याच तोंडून येतो. उचल बंद करा म्हटले की सगळ्यात आधी ऊसतोड कामगारच विरोध करतील. लेकीचे लग्न, आईचे ऑपरेशन, सोसायटीचे थकलेले हप्ते, घराचे पत्रे हे सगळे उचलीवर निघते. बँकेत त्याला कोण उभे करते? तारणाला काय आहे त्याच्याकडे? शिरूर कासार किंवा धारूरच्या माळरानावरची दोन एकर कोरडवाहू जमीन आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावे. गावात मिळणारे कर्ज महिन्याला शेकडा तीन-पाच टक्क्यांचे. त्यापुढे मुकादमाची उचल त्याला सोयीचीच वाटते आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही ती घेतली असती. पण गरज खरी आहे म्हणून ती भागवण्याची रीत न्याय्य होते का? 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले. त्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखते काढून जाळली. सावकाराकडे कर्ज मागायला तेच तर गेले होते, सही-अंगठाही त्यांचाच होता. तरीही 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना अधिकार दिला की कागदावर लिहिलेला आकडा अंतिम मानू नका. मागे जा, मूळ रक्कम किती, फेड किती, व्याज किती हे तपासा. दीडशे वर्षांपूर्वीच्या रयतेला मिळालेले एवढे संरक्षणही आजच्या ऊसतोड मजुराला प्रत्यक्षात मिळत नाही. त्याच्या नोटरीमागे जाऊन पाहणारे कोणी नाही, कारण हिशोबाची वही मुकादमाच्या पिशवीत असते.

आता कारखान्यांचा युक्तिवाद. तो सगळ्यात भक्कम आहे, म्हणून त्याला नीट सामोरे जायला हवे. कारखाना म्हणतो: ऊस गेटवर येईपर्यंत शेतकऱ्याचा असतो. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, ही गेटपर्यंत आणलेल्या उसाची किंमत आहे. तोडणी आणि वाहतूक ही शेतकऱ्याची जबाबदारी. शेतकऱ्याच्या सोयीसाठी आम्ही ती लावून देतो आणि तिचा खर्च बिलातून कापतो. मजुराशी आमचा करार नाही, पगार आम्ही देत नाही, मग आम्ही मालक कसे? शिवाय सहकारी कारखाना म्हणजे सभासद शेतकऱ्यांचाच. त्याच्यावर टाकलेला बोजा फिरून शेतकऱ्यावरच पडणार. सहकाराची परंपरा असलेल्या राज्यात या शेवटच्या मुद्द्याचे वजन मोठे आहे. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगिळांनी जे उभे केले, त्याने खासगी साखर उद्योगाला शेतकऱ्याच्या मालकीचा पर्याय दिला. त्याबद्दल मनात आदर ठेवूनच पुढचे लिहितो आहे.

कोणत्या गटात कोणत्या तारखेला तोड बसणार, हे कोण ठरवते? कारखान्याचा शेतकी विभाग. तोडीची चिठ्ठी कोण देते? कारखान्याचा माणूस. टोळीला एका फडातून उठवून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या फडात हलवते कोण? ऊस किती खालून तोडायचा, शेंड्याचे वाढे कुठे छाटायचे, पाचट आले तर वजनात घट किती, हे कोण सांगते? शेतकरी तर बांधावर उभा राहून तोड कधी येणार याची वाट पाहतो. आपल्या उसाची टोळी निवडण्याचा अधिकार त्याला नाही, दर ठरवण्याचा तर मुळीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दर तीन वर्षांनी तोडणीच्या दराच्या वाटाघाटींना कामगार संघटनांसमोर साखर संघ बसतो. कोयता बंद आंदोलन झाले की बैठक कुणाशी होते? ऊस उत्पादकाशी नाही, कारखानदारांशीच. मजुराची मजुरी किती हे तुम्ही ठरवणार, मुकादमाचे कमिशन 20 टक्के की 19 हेही तुम्हीच ठरवणार, आणि मालक कोण असे विचारले की शेतकऱ्याकडे बोट दाखवणार. हे कसे चालेल?

आम्ही मालक नाही, मधला माणूस मालक, हा दावा महाराष्ट्राने याआधीही ऐकला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरती जॉबरच्या हातात होती आणि बायकांच्या खात्यांत नायकिणीच्या, म्हणजे बाई जॉबरच्या. नोकरी द्यायची त्याने, काढायची त्याने, कर्ज द्यायचे त्यानेच आणि हप्ताही त्यानेच घ्यायचा. गिरणीमालक म्हणत, आमचा कामगारांशी संबंध जॉबरमार्फत. 1931 साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने या पद्धतीवर बोट ठेवले. पुढे गैरहजरांच्या जागी येणाऱ्या बदली कामगारांची नोंद गिरणीने स्वतः ठेवावी अशी व्यवस्था 1935 पासून सुरू झाली आणि जॉबरची पकड सैल होत गेली. विडी उद्योगात तर कामगार घरी बसून विड्या वळतो. पान-तंबाखू ठेकेदार आणून देतो. कारखानदाराने कामगाराचे तोंडही पाहिलेले नसते. तरी 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने त्या कारखानदारालाही मालक मानले आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. मग माथाडी. हमालाला तर मालक नव्हताच. आज या पेढीवर, उद्या त्या गोदीत, मध्ये टोळीवाला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. व्यापारी, कामगार आणि सरकार यांचे मंडळ झाले. मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ती नोंदीत कामगाराला द्यायची. टोळीने काम चालतेच; फक्त टोळीवाल्याच्या खिशातली वही मंडळाच्या कचेरीत आली. माथाडीला भविष्य निर्वाह निधी मिळाला, दवाखाना मिळाला, नवी मुंबईत घरे मिळाली. हे याच राज्यात, याच विधिमंडळाच्या कायद्याने झाले. हमालासाठी जे जमले ते ऊसतोड कामगारासाठी जमणार नाही, असे कुणी म्हणत असेल तर त्याचे कारण त्याने सांगायला हवे.

इथे बायकांबद्दल थांबून बोलणे भाग आहे, कारण मालक नसण्याची सगळ्यात मोठी किंमत त्या मोजतात. कोयता जोडीचा, पण नोटरीवर नाव नवऱ्याचे. उचल त्याच्या हातात, हिशोबाला बसतो तो. ती तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, परत कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन चूल पेटवते, पाणी आणते, तान्ह्याला फडाच्या कडेला पाचटावर निजवते. पण कामगार म्हणून तिचे नाव कुठल्याच कागदावर नाही. बाळंतपणाची रजा मागायची कुणाकडे? पाळीच्या दिवसांत खाडा केला तर दिवसाच्या मजुरीहून मोठा दंड खात्यावर चढतो. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांचा विषय देशभर गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक, आणि त्यांतल्या अनेक जणी अजून चाळिशीच्याही झालेल्या नव्हत्या. तेव्हाची चर्चा मुख्यतः खासगी डॉक्टरांभोवती फिरली. डॉक्टरांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण अंगावरून जाणारे पांढरे पाणी, पोटातले दुखणे आणि बुडणारी मजुरी यांतून गर्भपिशवी काढून टाकणे हाच सुटकेचा मार्ग वाटावा, अशी स्थिती जिथे घडली ती जागा दवाखान्याच्या आधी येते. फडावर तिचा कुणीतरी कायदेशीर मालक असता, तर त्याच्यावर संडास बांधण्याचे, रजा देण्याचे, बाई गरोदर असताना ओझे न देण्याचे बंधन आले असते. आज हे बंधन कुणावरच नाही.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. टनामागे कारखान्यांनी दहा रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे, असे ठरलेले आहे. राज्याचे दहा कोटी टनांचे गाळप धरले तर दोन्ही मिळून वर्षाला दोनशे कोटी होतात. ही रक्कम लहान नाही. संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत मुला-मुलींची 82 वसतिगृहे मंजूर झाली. गावात राहून शिकणारे एक पोर म्हणजे फडावर गेलेला एक अर्धा कोयता कमी. ही वसतिगृहे मोलाचीच आहेत. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयानेही या कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. पण कल्याण आणि हक्क यांत फरक आहे. कल्याणाची योजना निधी आला तर चालते, ओळखपत्र मिळाले तर लागू होते, सरकार बदलले की मंदावते. भविष्य निर्वाह निधी न भरणाऱ्या मालकावर मात्र कामगार थेट दावा लावू शकतो. माथाडी मंडळाची ताकद मालकाच्या औदार्यात नाही, मालकाच्या कायदेशीर जबाबदारीत आहे.

राहिला हार्वेस्टर. केंद्र-राज्य योजनेतून एकेका यंत्राला 35 लाखांपर्यंत अनुदान देऊ केले आहे. मी यंत्राविरुद्ध नाही. वाकून ऊस तोडण्याचे काम माणसाच्या वाट्याला कमी यावे, असे कुणाला वाटणार नाही? पण ज्यांना यंत्र हे या प्रश्नाचे उत्तर वाटते, त्यांनी गिरणगावाकडे पाहावे. 1982 चा संप आणि त्यानंतर गिरण्या बंद पडणे ही कामगारांची भयंकर हार होती. तरीही त्यांच्या हाती एक गोष्ट उरली: गिरणीच्या हजेरीपटावर नाव होते. त्या नावाच्या बळावर ग्रॅच्युइटी मागता आली, गिरण्यांच्या जमिनीवर घराचा दावा करता आला, म्हाडाच्या सोडतीत उभे राहता आले. दशके लागली, अनेकांना आजही मिळाले नाही, पण दावा करायला आधार होता. उद्या निम्मा ऊस यंत्राने तुटू लागला, तर धारूरची जोडी कोणता कागद दाखवून म्हणेल की आमची वीस वर्षे या धंद्यात गेली? तिच्याकडे फक्त मुकादमाची बाकी असेल. यंत्र येणार असेल तर ते येण्याआधी नोंद व्हायला हवी.

आणि खर्च? कारखान्यांची अडचण मला मान्य आहे. साखरेची किमान विक्री किंमत 2019 च्या फेब्रुवारीत 31 रुपये किलो ठरली आणि त्यानंतर एफआरपी वर्षामागून वर्षे वाढत असतानाही ती अनेक हंगाम तिथेच राहिली. पण हिशोब करून पाहू. भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा 12 टक्के आणि कर्मचारी विम्यात सव्वातीन टक्के. 366 रुपयांवर हे टनामागे 56 रुपयांच्या आत बसते. एका टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते. म्हणजे किलोला 56 पैसे. ऊस उत्पादकाच्या बिलातून हे कापू नका. साखरेच्या किमतीत धरा, आणि केंद्राकडे किमान किंमत वाढवून मागताना हा खर्च उघडपणे मांडा. चहात साखर घालणारे आपण सगळे किलोमागे 56 पैसे देऊ शकत नाही का?

जानेवारी 2024 चा करार तीन वर्षांचा आहे. पुढच्या वाटाघाटींत नेहमीप्रमाणे टक्केवारीची घासाघीस होईल: 40 मागायचे, 30 वर तोडायचे. ती होऊ द्या, टनामागचा प्रत्येक रुपया महत्त्वाचा आहे. पण त्याआधी संघटनांनी दुसऱ्याच तीन कलमांवर अडून बसावे. पहिले, कारखाना हा तोडणी कामगारांचा मालक आहे, असे करारात लिहिले जावे आणि माथाडीच्या धर्तीवर त्याला कायद्याचा आधार मिळावा. दुसरे, कोयत्याची नोंद बंद करून नवऱ्याची आणि बायकोची वेगवेगळी नोंद व्हावी, मजुरी ज्याच्या-त्याच्या बँक खात्यात जावी. तिसरे, उचल माथाडीसारख्या मंडळामार्फत बिनव्याजी मिळावी, तिला हंगामातल्या कमाईची मर्यादा असावी, आणि पट्टा पडला की उरलेली बाकी मजुराच्या अंगावर पुढच्या वर्षी चढू नये. वाहतूकदारांच्या संघटनांनीही या तिसऱ्या कलमाच्या बाजूने उभे राहायला हवे, कारण उचलीचा धोका एकदा कारखाना आणि मंडळाने उचलला की त्यांच्या ट्रॅक्टरवरचा बोजाही उतरतो. वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध पोलीस ठाण्यात जाणाऱ्या या दोघांनी एकदा साखर संघाच्या बैठकीला एका बाजूने बसून पाहावे.